ऐकणाऱ्या बाईचा थकवा

'समुपदेशन' हा शब्द आता आपल्या गावांत नवा राहिलेला नाही. सरकारी दवाखान्यात समुपदेशक बसतात, २०१५ पासून सखी केंद्रं सुरू झाली, शाळेत मुलींशी बोलायला ताई येतात. आणि जिथे यातलं काहीच नाही, तिथे आशा ताई, अंगणवाडी ताई किंवा गटाची अध्यक्ष हेच काम करते. फक्त त्या कामाला नाव नसतं. या सगळ्यांत आपण विचारतो ते बोलणारीबद्दल. तिचं पुढे काय झालं, नवरा सुधारला का, ती माहेरून परत आली का. आज मी ऐकणारीबद्दल बोलणार आहे. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून माणसाचं काय होतं, हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला पडला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता जग कुठवर आलं, त्याचा हा इतिहास.

तसा हा इतिहास पन्नास वर्षांचाच, पण त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं. अमेरिकेत १८७७ साली बफेलो शहरात एक धर्मादाय संघटना निघाली आणि तशाच संघटना मग इतर शहरांत पसरल्या. खात्यापित्या घरच्या बायका गरिबांच्या घरी भेटी द्यायच्या आणि त्यांचं ऐकायच्या. सल्लेही द्यायच्या, जरा जास्तच द्यायच्या. पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली. या भेटींची चर्चा त्या एकत्र जमून करत. एकटीने सगळं डोक्यावर घेऊन फिरायचं नाही, ही पद्धत तिथे पडली. पुढे १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषकांनी एक दवाखाना काढला. नव्या माणसाने रोग्याचं ऐकायचं आणि त्या माणसाचं जुन्या जाणत्याने ऐकायचं, हा तिथल्या शिक्षणाचा नियमच झाला. खुद्द सिग्मंड फ्रॉइडने १९३७ साली, म्हातारपणी, लिहून ठेवलं की मनोविश्लेषकाने दर पाच वर्षांनी स्वतः पुन्हा विश्लेषण करून घ्यावं. म्हणजे वैद्यानेही अधूनमधून रोग्याच्या जागी बसावं.

लंडनची गोष्ट मला जास्त आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कितीतरी संसार मोडायला आले होते. १९४८ मध्ये एनिड नावाच्या एका समाजकार्यकर्तीने नवरा-बायकोच्या प्रश्नांवर काम करणारी एक संस्था उभी केली. तिथले कार्यकर्ते एकत्र बसून आपापल्या केसेसबद्दल बोलत. मायकेल बॅलिंट हे डॉक्टर त्यात सामील झाले, पुढे दोघांनी लग्न केलं आणि हीच पद्धत त्यांनी साध्या डॉक्टरांसाठी वापरली. आठ-दहा डॉक्टर गोल बसायचे. औषधाची चर्चा कमी. हा रोगी समोर आला की मला राग का येतो, त्या बाईला मी टाळतो का, अशा गोष्टी जास्त. जगभर आज याला 'बॅलिंट गट' म्हणतात. नाव नवऱ्याचं पडलं, पण आडनाव दोघांचं एकच, त्यामुळे भांडण मिटलं म्हणायचं! गोल बसून, एकेकीने बोलून, बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, ही बैठक आपल्या बचत गटाला काही परकी नाही.

आता मुख्य गोष्ट. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मोफत दवाखान्यांची लाट आली. घर सोडून आलेली तरुण मुलं, नशेत अडकलेली, खिशात दमडी नसलेली, यांच्यासाठी मोठ्या हॉस्पिटलांची दारं उघडत नव्हती. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अॅशबरी भागात असा दवाखाना निघाला. त्यातून प्रेरणा घेऊन हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स मोफत दवाखान्यात काम सुरू केलं. नाव ऐकून फ्रॉइडचे नातेवाईक वाटतात, पण तसं नाही. हिटलरच्या जर्मनीतून लहानपणी जीव वाचवून अमेरिकेत आलेला हा ज्यू मुलगा. दुसऱ्याचं दुःख त्याला शिकवायला नको होतं.

दिवसभर ते स्वतःच्या दवाखान्यात पैसे देणारे रोगी तपासायचे. संध्याकाळी मोफत दवाखान्यात यायचे आणि मध्यरात्र उलटेपर्यंत थांबायचे. तिथले बहुतेक लोक त्यांच्यासारखेच स्वयंसेवक. वर्षभर हौसेने राबलेली माणसं हळूहळू बदलायला लागली. कोणाचं डोकं सारखं दुखायचं, कोणाला झोप नाही, कोणाचं पोट बिघडलेलं. चांगलं बोलणारा माणूस चिडका झाला. कोणी सगळ्यांवर संशय घ्यायला लागलं. काहीजण तर पूर्वीपेक्षा जास्त तास थांबायचे, पण काम कमी व्हायचं. मग फ्रॉइडनबर्गर स्वतःच कोसळले. कुटुंबाबरोबर सुट्टीला निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. सुट्टी गेली. नंतर त्यांनी टेपरेकॉर्डर लावला, मनात येईल ते बोलले आणि ती टेप एखाद्या रोग्याची ऐकावी तशी ऐकली. रेडिओवर बसून हे सांगताना मला त्याची गंमत वाटते. आपलाच आवाज बाहेरून ऐकू आला, तेव्हा त्या माणसाला कळलं की आपण किती थकलोय.

१९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि या अवस्थेला 'बर्नआउट' म्हटलं. हा शब्द काही ग्रंथातला नव्हता. नशेने पार रिकाम्या झालेल्या माणसाला रस्त्यावरची मुलं तसं म्हणायची. मराठीत काय म्हणावं? पुस्तकांत कोणी 'भावनिक दहन' लिहितं, ते मला अंत्यविधीसारखं वाटतं. मी 'करपणं' म्हणते. दूध खालून करपतं. वरून पांढरंच दिसतं, साय पण येते. वास सुटतो तेव्हा कळतं.

त्या लेखातली दोन विधानं आजही जपून ठेवण्यासारखी आहेत. एक, आळशी माणूस करपत नाही. जो मनापासून झोकून देतो तोच करपतो. दुसरं त्याहून मोठं. उपाय सांगताना फ्रॉइडनबर्गरांनी मन घट्ट करा, देवाचं नाव घ्या असं काही सांगितलं नाही. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा त्याच अवघड कामावर पाठवू नका, तास ठरवा, कामं आलटूनपालटून द्या, गटात बसून बोला, थकलेल्याला सुट्टी घेऊ द्या, स्वयंसेवक वाढवा, असं सांगितलं. हे उपाय थकलेल्या माणसाने एकट्याने करायचे नाहीत, काम वाटणाऱ्याने करायचे आहेत.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मास्लाक ही तरुण प्राध्यापक परिचारिका, समाजकार्यकर्ते, गरिबांचे वकील अशा माणसांच्या मुलाखती घेत होती. दिवसभर लोकांची दुःखं हाताळताना तुम्ही स्वतःच्या भावनांचं काय करता, हा तिचा प्रश्न. उत्तरं तीच येत होती आणि शब्दही तोच. १९७६ मध्ये तिने एका साध्या मासिकात लेख लिहिला तेव्हा वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. विद्वानांनी मात्र सुरुवातीला याकडे हलकंफुलकं, बाजारी मानसशास्त्र म्हणून पाहिलं. म्हणून मग तिने मोजमाप तयार केलं. १९८१ साली सुझन जॅक्सनबरोबर तिने २२ विधानांची प्रश्नावली काढली. त्यातून करपण्याच्या तीन बाजू कळतात. मन रिकामं होणं ही पहिली. समोरचा माणूस माणूस वाटेनासा होणं ही दुसरी. 'ती कमल' न राहता 'ती मारहाणीची केस' होते. तिसरी बाजू म्हणजे आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असं वाटणं. जगात यावर आजवर जे संशोधन झालं त्यातलं बरंचसं याच प्रश्नावलीवर उभं आहे.

दुसऱ्या बाजूबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिच्यामुळे ऐकणारीचा थकवा बोलणारीपर्यंत पोचतो. थकलेली समुपदेशक वाईट बाई नसते. ती स्वतःला वाचवण्यासाठी एक पाऊल मागे सरकते. पण समोर बसलेली बाई पदराआड रडत असते, तिला ते सरकणं लगेच कळतं. 'अहो, सगळ्यांच्याच घरी असतं हे' असं वाक्य येतं आणि ती बाई पुन्हा कधी येत नाही. समुपदेशकाची तब्येत हा त्याचा घरगुती प्रश्न नाही तो याच्यासाठी.

पुढची वीस-पंचवीस वर्षं मी भराभर सांगते. १९९० मध्ये मॅकॅन आणि पर्लमन या दोघींनी दाखवलं की अत्याचाराच्या कहाण्या ऐकणाऱ्याचीही जगाकडे पाहायची नजर बदलते. विश्वास उडतो, भीती बसते. १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांनी 'करुणेचा थकवा' या विषयावर पुस्तक काढलं. मास्लाकने मायकेल लायटरबरोबर १९९७ मध्ये सहा गोष्टी मांडल्या: कामाचा बोजा, स्वतः ठरवायची मुभा, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्यं. यांत कामाचं आणि माणसाचं जुळलं नाही की माणूस करपतो. तिचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. पूर्वी कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत. विषारी वायू असला तर तो आधी गुदमरायचा. पक्षी गुदमरला तर पक्षी धडधाकट करायचा की खाण दुरुस्त करायची? २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागी न हाताळलेल्या, सतत चालणाऱ्या ताणाचा तो परिणाम आहे, असं नोंदवलं.

आतापर्यंतची सगळी माणसं श्रीमंत देशांतली, पदव्या घेतलेली. जिथे समुपदेशकच नाहीत तिथे काय? त्यासाठी आफ्रिकेत, झिम्बाब्वेच्या हरारे शहरात जावं लागेल.

२००५ साली तिथल्या सरकारने शहरातल्या झोपड्या, टपऱ्या पाडायची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ७ लाख लोकांचं घर किंवा रोजगार गेला, कित्येकांचं दोन्ही. देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले एक डॉ. डिक्सन चिबांडा. त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. बसभाड्याला पैसे नव्हते म्हणून ती दवाखान्यात येऊ शकली नव्हती. २००६ मध्ये चिबांडांनी म्बारे या गरीब वस्तीत काम करायचं ठरवलं. दवाखान्यात मोकळी खोली नव्हती, मोकळी परिचारिका नव्हती. मिळाल्या त्या १४ आज्या. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यासाठी वस्तीत फिरणाऱ्या, आपल्या आशांसारख्या. लोक त्यांना 'अंबुया उतानो', म्हणजे आरोग्याची आजी म्हणायचे. खोली नाही म्हणून झाडाखाली लाकडी बाक ठेवला. डॉक्टरांनी त्याला मानसिक आरोग्याचा बाक असं नाव दिलं होतं. आज्या म्हणाल्या, असल्या नावाच्या बाकावर कोण बसेल? मग तो 'मैत्रीचा बाक' झाला.

आज्यांनी भाषाही आपलीच ठेवली. नैराश्य हा शब्द नाही. शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' हा शब्द, म्हणजे फार विचार करत राहणं. आपल्याकडे 'डोक्यात सारखं चक्र चालू असतं' म्हणतात ना, तेच. बोलण्याच्या तीन पायऱ्या: मन उघडणं, उभारी देणं, बळ देणं. सगळे प्रश्न ऐकून त्यांतला एकच निवडायचा आणि तो सोडवायला काय करता येईल ते त्या बाईनेच ठरवायचं. सल्ला द्यायचा नाही. आजीबाईने सल्ला द्यायचा नाही हे किती अवघड, ते ज्यांच्या घरात आजी आहे त्यांना सांगायला नको.

२०१६ साली याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हरारेतली २४ आरोग्य केंद्रं, ५७३ माणसं. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांत ती साधारण १४ टक्क्यांतच उरली होती. जगभर या आकड्यांचं कौतुक झालं. मला मात्र आज्यांचं काय झालं हे पाहायचं होतं. त्यांतल्या कितीतरी जणींनी स्वतः घरची मरणं पाहिलेली, एड्सने पोरं गेलेली, नातवंडं सांभाळत असलेल्या. तरी त्या वर्षानुवर्षं बसल्या. त्यांची माया मोठी, सहनशक्ती मोठी, असं सगळे म्हणतात. असेलही. पण मांडणी बघा. भेटी मोजक्या, साधारण सहा. प्रश्न एका वेळी एक. जास्त गंभीर माणूस आला तर पुढे कोणाकडे पाठवायचं हे ठरलेलं. आज्यांनी मिळून आपल्या अडचणी मांडायच्या बैठका ठरलेल्या. आणि बाकावरून उठलेली बाई आजीच्या गळ्यात कायमची पडत नाही, ती एका मंडळात जाते. त्याचं नाव 'कुबताना तोसे', हातात हात धरून. तिथे बायका एकत्र बसून जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात, विकतात आणि विणताना बोलतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, हा तर बचत गट!

आता आपल्या जवळ येऊ. गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून आहे. तिने गोव्यातल्या साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवलं. त्यांचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात आला. मधल्या काळातला एक छोटा अभ्यास माझ्या मते आपल्यासाठी जास्त कामाचा आहे. हे समुपदेशक परवानगी घेऊन आपल्या भेटी रेकॉर्ड करायचे. मग गटात बसून एकमेकांच्या टेप ऐकायचे आणि ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायचे. तज्ज्ञांनीही त्याच टेपना गुण दिले. २०१४ मध्ये निष्कर्ष आला, की दोघांचे गुण बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे ऐकणारीचं ऐकायला दर वेळी मोठे डॉक्टरच पाहिजेत असं नाही. शिकवलेल्या बरोबरीच्या मैत्रिणी ते करू शकतात.

आणि आपल्या राज्यात, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्राने तो केला. बचत गट आणि शेतकरी मंडळांतली माणसं त्यात होती. त्यांनी दोन फळ्या केल्या. 'मित्र' ज्यांचा जीव घुसमटतोय त्यांना ओळखणार, आणि शिकलेले 'चॅम्पियन' त्यांच्याशी चार-सहा वेळा बसून बोलणार. ओळखणं एकाचं आणि बोलणं दुसऱ्याचं. ओझं असं वाटून घेता येतं.

या कामाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचं भाषांतर आपल्याकडे 'देखरेख' किंवा 'पर्यवेक्षण' करतात. इथेच सगळं फसतं. देखरेख म्हटलं की वही तपासायला आलेला साहेब डोळ्यांसमोर येतो. किती भेटी केल्या, सही कुठे आहे. मग ऐकणारी बाई भेटींचा आकडा सांगते, रात्री झोप येत नाही हे सांगत नाही. मी याला 'पाठराखण' म्हणते.

न्यूयॉर्कच्या समुपदेशकाला एक सोय होती. संध्याकाळी तो दुसऱ्या वस्तीत घरी जायचा. आपली ऐकणारी त्याच गल्लीत राहते. दुपारी जिच्या पाठीवरचे वळ बघितले, तिचा नवरा संध्याकाळी किराणा दुकानात 'काय वहिनी' म्हणून हसतो. तिने ते घरी सांगायचं नाही, विहिरीवर सांगायचं नाही, गटातही नाव काढायचं नाही. गुप्तता पाळली पाहिजे हे प्रशिक्षणात दहा वेळा सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण पोटात ठेवलेलं कुठे उतरवायचं, त्यासाठी प्रशिक्षणात एक तासही नसतो. मध्य प्रदेशात आशा ताईंच्या कामाच्या ताणावर अलीकडे संशोधन सुरू झालंय, त्यांच्या अंगच्या बळावर भर देणारं. चांगलंच आहे. पण मला पुन्हा तो कॅनरी पक्षी आठवतो. आशाकडची कामं तेवढीच राहणार, मोबदला तेवढाच राहणार आणि तिने फक्त मन खंबीर करायचं, असं होऊ नये.

म्हणून ग्रामसंघात 'गावात ताणतणावावर बोलायला एक ताई नेमा' असा विषय येईल तेव्हा ठराव करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. एकच ताई की दोघी? एका वेळी तिच्याकडे किती जणी? महिन्यातून कोणत्या दिवशी, कोणाजवळ, नावं न घेता तिने आपलं मन मोकळं करायचं? मरणाची भाषा करणारी बाई आली तर त्याच दिवशी तिला कुठे न्यायचं? ताई म्हणाली की मला दोन महिने हे नको, तर तिच्या जागी कोण? आणि तिच्या वेळेचे पैसे कोण देणार? उत्तरं प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर कोणी लिहीत नाही.

जाता जाता एक नंबर लिहून घ्या. १४४१६. टेलिमानस, सरकारची मोफत हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. आपण तो दुसऱ्यांना देतो, गटाच्या फलकावर लिहितो. दुसऱ्यांचं ऐकून आलेल्या रात्री झोप लागत नसेल, तर ऐकणारीनेही तो लावायला हरकत नाही.